खोकल्याच्या पेशंटला अँटिबायोटिक कधी? नागपुरात नव्यानं दवाखाना टाकणाऱ्या डॉक्टरांसाठी

डिसेंबर लागला, पहाटेचा पारा दहाच्या आसपास घुटमळायला लागला की संध्याकाळची ओपीडी खोकल्यानं भरून जाते. मेडिकल किंवा मेयो या इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतून इंटर्नशिप संपवून नुकतंच बसलेल्या डॉक्टरची परीक्षा तिथंच होते. वॉर्डात त्यानं न्यूमोनिया पाहिलेला असतो, व्हेंटिलेटरवरचे पेशंट पाहिलेले असतात. पण पाच दिवसांचा खोकला, थोडी कणकण, पिवळा बेडका आणि बाकी माणूस चालता-बोलता, अशा पेशंटचं काय करायचं हे कुणी समोर बसवून शिकवलेलं नसतं. मग हात आपोआप अझिथ्रोच्या, म्हणजे अझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकच्या, तीन गोळ्यांकडे जातो.

मी एकच नियम पाळतो. केसपेपरवर ‘अ‍ॅक्यूट ब्राँकायटिस’ (श्वासनळ्यांची तात्पुरती सूज, बोलीत छातीची सर्दी) लिहिलं असेल तर त्याखाली अँटिबायोटिक लिहायचं नाही. अँटिबायोटिक लिहायचंच असेल तर आधी निदान बदलायचं. न्यूमोनिया लिहा, सीओपीडी (धूम्रपान-धुरानं होणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) बळावला असं लिहा, डांग्या खोकला लिहा, स्क्रब टायफस लिहा. यातलं काहीच लिहायला हात धजत नसेल तर गोळी कशासाठी चालली आहे?

धडधाकट प्रौढातला अ‍ॅक्यूट ब्राँकायटिस नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा विषाणूंमुळे होतो. इन्फ्लुएंझा, पॅराइन्फ्लुएंझा, आरएसव्ही, ऱ्हायनोव्हायरस, अ‍ॅडिनोव्हायरस ही नेहमीची मंडळी. अँटिबायोटिकच्या सगळ्या चाचण्या एकत्र करून पाहिलं तर खोकला सरासरी अर्धा दिवस आधी थांबतो. बदल्यात जुलाब, मळमळ, पुरळ यांचं प्रमाण वाढतं. अर्ध्या दिवसासाठी हा सौदा मला पटत नाही.

खालच्या पायऱ्या प्रौढ पेशंटसाठी आहेत. मुलांबद्दल एक गोष्ट वेगळी सांगणार आहे.

पायरी १ : स्टेथो कानाला लावायच्या आधी दिवस मोजा

‘खूप दिवसांपासून’ हे उत्तर चालवून घेऊ नका. दिवाळीच्या आधीपासून की नंतर, लग्नाला गेले होते तेव्हा होता का, असं विचारलं की आकडा निघतो. चार-आठ दिवस असेल तर एक वाट, दोन आठवडे उलटले असतील तर दुसरी. दोन आठवड्यांच्या वर खोकला म्हणजे आपल्याकडे क्षयरोगाची तपासणी, मग माणूस धरमपेठेतला असो की टेका नाक्याचा. सोबत संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, थुंकीत रक्त, घरात कुणाला टीबीचं औषध चालू असणं, यातलं काहीही असलं तर दोन आठवडेही थांबायचं नाही.

दुसरा प्रश्न : आधी काय घेतलं? तोंडी उत्तरावर जाऊ नका, पट्ट्या दाखवायला सांगा. पेशंट आपल्याकडे येण्याआधी कोपऱ्यावरच्या औषध दुकानातून काहीतरी घेऊन आलेला असतोच. खिशातून अर्धी पट्टी निघते, ती बहुधा लिव्होफ्लोक्सासिन किंवा सेफिक्सिमची. लिव्होफ्लोक्सासिन दिसलं की माझे कान टवकारतात. हे औषध क्षयाच्या जंतूवरही चालतं, त्यामुळं पेशंटला आठ दिवस बरं वाटतं आणि निदान महिनाभर पुढं ढकललं जातं. ज्या खोकल्याचा नीट उलगडा झालेला नाही, त्याला फ्लुरोक्विनोलोन (लिव्होफ्लोक्सासिनच्या कुळातलं औषध) कधीच देऊ नका.

तिसरा प्रश्न बीपीच्या गोळ्यांचा. रामिप्रिल, एनालाप्रिल घेणाऱ्यांचा कोरडा, घसा खवखवणारा खोकला गोळी बदलली की काही आठवड्यांत जातो. तो पेशंट तीन डॉक्टरांकडून तीन कोर्स करून आलेला असू शकतो. बिडी-सिगारेट, चुलीचा धूर, आणि कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांकडचा माणूस असेल तर राखेतलं काम, हेही याच ओघात विचारून घ्या.

पायरी २ : चार आकडे लिहा, प्रत्येकाचे

ताप, नाडी, श्वास, ऑक्सिजन. गर्दी कितीही असली तरी हे चार आकडे केसपेपरवर आलेच पाहिजेत. ताप ३८ अंश सेल्सियसपेक्षा कमी म्हणजे १००.४ फॅरनहाइटच्या खाली, नाडी १०० च्या आत, श्वास मिनिटाला २४ च्या आत आणि छातीत एकाच जागी काही ऐकू येत नाही, असं असेल तर धडधाकट प्रौढाला न्यूमोनिया असण्याची शक्यता फार कमी. एक्स-रेचीही गरज सहसा पडत नाही.

चारांपैकी सगळ्यात दुर्लक्षित आकडा श्वासाचा. अंदाजानं ‘१८’ लिहायची सवय इंटर्नशिपमध्येच लागते. पूर्ण मिनिट मोजा, आणि पेशंटला सांगून मोजू नका. सांगितलं की तो श्वास सावरतो. मी नाडीवर बोटं ठेवूनच बसतो. पेशंटला वाटतं नाडी चालू आहे, माझी नजर पोटाच्या हालचालीवर असते.

ऑक्सिमीटरची गंमत जानेवारीत कळते. सकाळी स्कूटर चालवत आलेल्या माणसाची बोटं बर्फासारखी असतात आणि मशीन ८९ दाखवतं. हात चोळायला लावा, दोन मिनिटांनी परत लावा, नेलपेंट असेल तर दुसरं बोट बघा. याउलट बसल्या जागी ९६ असलेल्या, पण धाप लागते म्हणणाऱ्या पेशंटला दवाखान्याच्या पॅसेजमध्ये दोन-तीन फेऱ्या मारायला लावा आणि परत आकडा बघा. चालल्यावर तीन-चारनं घसरला तर तो ब्राँकायटिस म्हणून घरी पाठवायचा पेशंट नव्हे.

तापाच्या आकड्यावर भरवसा ठेवताना पॅरासिटामॉल किती वाजता घेतली हे विचारा. आणि सत्तरीच्या पुढच्यांना न्यूमोनियात ताप येईलच असं नाही. ‘आई कालपासून असंबद्ध बोलून राहिली’, ‘बाबांनी दोन दिवस जेवणच टाकलं’ हे नातेवाइकांचं वाक्य थर्मामीटरपेक्षा मोलाचं.

पायरी ३ : स्वेटर काढायला लावा

सांगायला साधं, पाळायला अवघड. थंडीत पेशंट बनियान, शर्ट, हाफ स्वेटर, वरून जॅकेट घालून येतो आणि आपण जॅकेटची चेन अर्धी उघडून समोरून दोन जागी स्टेथो टेकवतो. न्यूमोनिया बसतो मागं, खाली किंवा काखेच्या रेषेत. पाठ उघडी करा, खालच्या भागात दोन्ही बाजू एकमेकींशी ताडून ऐका.

काही आवाज आला तर पेशंटला जोरात खोकायला सांगा आणि त्याच जागी परत ऐका. खोकल्यावर आवाज गेला किंवा जागा बदलली तर तो मोठ्या नळ्यांतला कफ. एकाच जागी बारीक क्रेप्ट्स (करकर आवाज) ठाण मांडून बसले असतील, किंवा तिथं श्वास नळीतून आल्यासारखा कर्कश ऐकू येत असेल, तर लगेच एक्स-रे. दोन्हीकडे सारखी शिट्टी वाजत असेल तर दम्याचा विचार आधी करा. रात्री तीन-चारला खोकल्यानं जाग येणं, दर हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात कूलर लागला की त्रास सुरू होणं, लहानपणी बाळदमा असणं हे विचारलं की चित्र स्पष्ट होतं. त्याला इनहेलर लागतो. दरवर्षी मिळालेला अँटिबायोटिकचा कोर्स हे त्याच्या चुकलेल्या निदानाचं वय असतं.

पायरी ४ : तपासणी कधी, आणि कधी नाही

वरच्या आकड्यांपैकी काही बिघडलं असेल, छातीत एका जागी आवाज असेल, वय फार असेल किंवा पेशंट ‘चांगला दिसत नाही’ असं मनात आलं तर एक्स-रे. हे शेवटचं कारण लाजून सोडून देऊ नका.

एक्स-रे करावा की नाही अशा कुंपणावरच्या पेशंटला सीआरपी या सूज मोजणाऱ्या रक्त तपासणीचा उपयोग होतो. लिटरला २० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर अँटिबायोटिक नको. १०० च्या वर असेल तर न्यूमोनिया समजून वागा. मधला असेल तर दोन दिवसांत परत बोलवा. पण रिपोर्टचं एकक बघा. काही लॅब डेसिलिटरमध्ये देतात, तिथं दहापटीचा घोळ होतो. चांगल्या स्थितीतल्या पेशंटचं सीबीसी, सीआरपी, विडाल (टायफॉइडची तपासणी) असं पॅकेज करून घेऊ नका. पांढऱ्या पेशी साडेअकरा हजार आल्या की तुमचाच हात डगमगणार.

बेडक्याच्या रंगाबद्दल इथंच सांगतो. हिरवा-पिवळा रंग येतो तो आपल्याच न्यूट्रोफिल पेशींतल्या मायलोपेरॉक्सिडेज नावाच्या हिरवट एन्झाइममुळे. या पेशी विषाणूंविरुद्धही येतात. म्हणजे रंगावरून सूज कळते, जंतू कळत नाही. सीओपीडीच्या पेशंटमध्ये मात्र रंगाला किंमत आहे.

पायरी ५ : निदान बदलायचे प्रसंग

न्यूमोनिया ठरला तर घरी ठेवायचा की पाठवायचा, यासाठी सीआरबी-६५ ही चार गुणांची मोजणी पुरते. गोंधळलेपण, श्वास ३० किंवा जास्त, बीपी ९०/६० च्या घरात किंवा खाली, वय ६५ किंवा जास्त, प्रत्येकाला एक गुण. शून्य आणि ऑक्सिजन चांगला, तर घरी अमॉक्सिसिलिन ५०० मिलिग्रॅम ते १ ग्रॅम दिवसातून तीनदा, पाच दिवस. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्सिसायक्लिन. दोन दिवसांनी पेशंट बघायचाच. गुण वाढत गेले की तुमच्या दवाखान्यात थांबवू नका. मेडिकल, मेयो, मिहानचं एम्स, नाहीतर रामदासपेठ-धंतोलीतलं पेशंटला झेपेल ते रुग्णालय.

सीओपीडीचा जुना पेशंट बळावला असेल तर तीन गोष्टी विचारा : धाप वाढली? कफ वाढला? कफाचा रंग बदलून पू झाल्यासारखा दिसतो? तिन्ही असतील, किंवा रंग धरून दोन असतील, तर अँटिबायोटिक द्या. पाच दिवस पुरतात.

डांग्या खोकला मोठ्यांनाही होतो. दोन आठवड्यांच्या वर, उबळीवर उबळ, शेवटी उलटी, मधल्या वेळात माणूस ठणठणीत. इथं अझिथ्रोमायसिन योग्य आहे : पहिल्या दिवशी ५००, पुढं चार दिवस २५०. उशिरा दिलं तर खोकला फारसा कमी होत नाही, पण घरातल्या तान्ह्या बाळाकडे संसर्ग जायचा थांबतो. म्हणून घरात बाळ आहे का हे विचारायचंच.

आता दोन गोष्टी ज्या पाश्चात्त्य पुस्तकांच्या ब्राँकायटिसच्या प्रकरणात सापडणार नाहीत, पण नागपुरात बसणाऱ्यानं विसरून चालणार नाही.

पहिली, सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार. विदर्भातल्या काही समाजांत, विशेषतः पूर्व विदर्भात, हा आजार घराघरांत आहे. सिकलसेलच्या पेशंटला ताप, खोकला आणि छातीत दुखणं एकत्र आलं तर ते ‘छातीची सर्दी’ म्हणून सोडायचं नाही. सिकलसेलमध्ये फुप्फुसांवर होणारा हल्ला, म्हणजे अ‍ॅक्यूट चेस्ट सिंड्रोम, काही तासांत जीवघेणा होऊ शकतो. ऑक्सिजन चांगला दिसला तरी त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवा. तरुण पेशंट असेल तर ‘तुमचं सिकलसेलचं कार्ड आहे का’ हा प्रश्न ओपीडीत सवयीचा करून टाका. स्वतःहून सांगतीलच असं नाही, लग्नाच्या वयाच्या मुली तर अजिबात सांगत नाहीत.

दुसरी, स्क्रब टायफस, म्हणजे झुडपांतल्या बारीक किड्यांच्या चाव्यातून होणारा ताप. २०१८ च्या पावसाळ्यात नागपुरात त्यानं माणसं दगावली, तेव्हा कुठं सगळ्यांना आठवण झाली. पावसाळ्यात किंवा त्यानंतरच्या महिन्यांत शेतातून, झुडपांतून वावरलेला माणूस जोराचा ताप, डोकेदुखी आणि सोबत खोकला घेऊन येतो. काख, जांघ, कमरेच्या नाडीची जागा, स्तनांखाली कपडे बाजूला करून शोधा. सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसली की निदान हातात. दिसली नाही म्हणून नाही असं समजू नका. यावर अमॉक्सिसिलिन किंवा सेफिक्सिम काहीच काम करत नाही, डॉक्सिसायक्लिन करतं : १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. गरोदर बाईला अझिथ्रोमायसिन.

इन्फ्लुएंझाच्या साथीत जोखमीच्या पेशंटना, म्हणजे गरोदर, वृद्ध, दमा-मधुमेह-हृदयविकार असलेल्यांना, ओसेल्टामिवीर हे विषाणूविरोधी औषध लवकर द्या, शक्यतो ४८ तासांच्या आत. तेही अँटिबायोटिक नव्हे.

एक गट मात्र खरोखर कुंपणावरचा आहे. ऐंशीच्या पुढचा माणूस आणि मधुमेह, हार्ट फेल्युअर, तोंडावाटे स्टेरॉइड किंवा वर्षभरात झालेली भरती यांपैकी एक. किंवा ६५ च्या पुढचा आणि यातल्या दोन. इथं ब्रिटिश मार्गदर्शक तत्त्वंसुद्धा अँटिबायोटिकचा विचार करायला मोकळीक देतात. माझ्या नियमाला हा अपवाद आहे, तो मी मान्य करतो. पण त्या पेशंटचा दुसऱ्या दिवशी फोन आलाच पाहिजे, नाहीतर आपण करायचा.

पायरी ६ : ‘नाही’ कसं सांगायचं

यात नवे डॉक्टर सगळ्यात जास्त अडखळतात. आकडे चांगले, छाती मोकळी, निदान पक्कं, आणि समोरचे काका म्हणतात, ‘डॉक्टरसाहेब, कफ हिरवा पडून राहिला. जोराची गोळी द्या ना, नाहीतर सुई तरी मारा.’

‘व्हायरल आहे, आपोआप बरं होईल’ हे वाक्य इथं चालत नाही. पेशंटला ते ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ असं ऐकू येतं, आणि रात्रभर खोकून बरगड्या दुखवून घेतलेल्या माणसाचा त्यानं अपमान होतो. मी साधारण असं बोलतो : ‘काकाजी, छाती पाठीमागून पूर्ण ऐकली, ऑक्सिजन सत्त्याण्णव आहे, न्यूमोनिया नाही. छातीची सर्दी आहे. ताप दोन-तीन दिवसांत जाईल, पण खोकला अडीच-तीन आठवडे राहतो, सगळ्यांचाच राहतो. आठव्या दिवशी खोकला आहे म्हणून घाबरून दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ नका. जोराच्या गोळीनं तो लवकर जात नाही, पोट मात्र बिघडते.’

यातलं सगळ्यात कामाचं वाक्य दिवसांचं. खोकला सरासरी १८ दिवस टिकतो आणि लोकांची अपेक्षा असते आठवडाभराची. सगळी दुसरी-तिसरी औषधं या फरकात लिहिली जातात. ते वाक्य पहिल्याच भेटीत सांगितलं तर पेशंट आठव्या दिवशी ‘तुम्ही म्हणाले होते तसंच आहे’ म्हणत निवांत असतो.

त्याचबरोबर काय झालं तर लगेच यायचं हे कागदावर मराठीत लिहून द्या : ताप तीन दिवसांत उतरला नाही किंवा उतरून परत चढला, धाप लागली, श्वास घेताना एका बाजूला दुखलं, थुंकीत रक्त आलं, घरचे म्हणाले की बोलणं भलतंच होतंय.

‘गरज वाटली तर दोन दिवसांनी घ्या’ अशी चिठ्ठी आगाऊ लिहून देण्याची पद्धत परदेशात चालते. मी ती वापरत नाही. आपल्याकडे ती चिठ्ठी त्याच संध्याकाळी दुकानात वटते, आणि पुढच्या वर्षी शेजाऱ्याच्या खोकल्यालाही. त्यापेक्षा तिसऱ्या दिवशी फोन करायला सांगा, त्याचे वेगळे पैसे घेऊ नका.

शेजारच्या गल्लीतला डॉक्टर पहिल्याच दिवशी सुई देतो, मग माझा पेशंट जाईल ना, हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात असतो. काही जातात. जे थांबतात ते घरातल्या बाकीच्यांनाही घेऊन येतात.

पायरी ७ : मग चिठ्ठीवर काय लिहायचं

ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉल. कोमट पाणी, मिठाच्या गुळण्या, रात्री झोपताना चमचाभर मध (मधुमेह्याला सांभाळून). कोरड्या उबळीनं झोप उडत असेल तर दोन-तीन रात्री खोकला दाबणारं डेक्स्ट्रोमिथॉर्फन. छातीत शिट्टी वाजत असेल तरच श्वासनळ्या मोकळ्या करणारं साल्ब्युटामॉल, नसेल तर त्याचा उपयोग नाही, नुसते हात थरथरतात. माँटेलुकास्ट-लिव्होसेट्रिझिनची अ‍ॅलर्जीची गोळी आपल्याकडे सवयीनं जाते. ब्राँकायटिसमध्ये तिचं काम नाही, आणि माँटेलुकास्टनं झोप आणि मनःस्थिती बिघडू शकते.

डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची सुई तर अजिबात नको. दमा नसलेल्या माणसाच्या खोकल्यावर स्टेरॉइडचा फायदा होत नाही. साखर मात्र वाढते, आणि क्षय लपलेला असेल तर तो उसळतो. ‘एका सुईत बरं वाटलं’ याची किंमत तीन महिन्यांनी कळते.

आणि अझिथ्रोबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत अमॉक्सिसिलिन, डॉक्सिसायक्लिन पहिल्या गटात आहेत. अझिथ्रोमायसिन, सेफिक्सिम, लिव्होफ्लोक्सासिन ‘वॉच’ म्हणजे जपून वापरायच्या गटात. आपल्याकडच्या टायफॉइडच्या जंतूंवर सिप्रोफ्लोक्सासिनसारखी औषधं आता चालत नाहीत, तोंडावाटे द्यायला अझिथ्रोमायसिन हा मोठा आधार उरला आहे. तो साध्या खोकल्यावर उधळला तर टायफॉइडच्या पोराला देणार काय? शिवाय हृदयाची लय बिघडलेल्या, त्यासाठीची औषधं घेणाऱ्या वृद्धांत ते धोक्याचंही ठरू शकतं.

मुलांबद्दलची ती एक गोष्ट. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यातली मुलं डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन असलेलं खोकल्याचं सिरप पिऊन मूत्रपिंडं निकामी होऊन दगावली. त्यांतली कित्येक उपचारासाठी नागपुरातच आणली होती. अँटिबायोटिक टाळलं म्हणून त्या जागी सिरप लिहू नका. दोन वर्षांखालच्या मुलाला खोकल्या-सर्दीचं सिरप नाहीच, पाचपर्यंतही सहसा नाही. वर्षाच्या पुढं मध चालतो, त्याखाली तोही नाही. मुलाचा श्वास मोजा, बरगड्यांमध्ये खड्डे पडतात का बघा, अंगावर पितं का विचारा. यात काही बिघडलं असेल तर बालरोगतज्ज्ञाकडे.

पेशंट परत आला तर

दहाव्या दिवशी परत आला, ताप नाही, खोकला आहे : चारही आकडे परत घ्या, पाठ परत ऐका. तेच असेल तर उत्तरही तेच. ‘परत आला म्हणजे आता द्यायलाच हवं’ असं नसतं.

दोन आठवडे झाले : थुंकी सीबी-नॅट किंवा ट्रूनॅट या टीबीचा जंतू शोधणाऱ्या तपासण्यांसाठी आणि छातीचा एक्स-रे. ही तपासणी सरकारी केंद्रांवर मोफत आहे. थुंकीचा नमुना म्हणजे लाळ नव्हे, सकाळी उठल्यावर खोलवरून खाकरून काढलेला बेडका, हे पेशंटला करून दाखवा. टीबी निघाला तर निक्षय या सरकारी पोर्टलवर नोंद करणं खासगी डॉक्टरलाही २०१२ पासून बंधनकारक आहे.

ते निगेटिव्ह आणि खोकला आठ आठवड्यांच्या पुढं गेला तर स्पायरोमेट्री (फुंकून फुप्फुसांची ताकद मोजणं), नाकामागून घशात उतरणारा शेंबूड, पित्त, बीपीची गोळी, या क्रमानं एकेक बघत जा. या टप्प्यावर पेशंटच्या फाइलमध्ये आधीच्या तीन-चार अँटिबायोटिकच्या चिठ्ठ्या असतात. त्या फेकू नका, तारखांसकट उतरवून घ्या. छातीरोगतज्ज्ञाला त्याच लागतात.